पुढची जोडी लावा, बाई!

केशोरीच्या कवडूला एकच डोळा होता, आणि तो त्याने कायमचा रस्त्याला देऊन टाकला होता. दुसरा, म्हणजे डावा, एका गोऱ्ह्याने शिंगाच्या हिसड्यात नेला. कवडू त्या वेळी त्याला बंडीला जुंपायला शिकवत होता. गाव म्हणालं, विकून टाक तो बैल. कवडूने त्याला म्हातारा होऊन मरेपर्यंत सांभाळलं. "त्याची काय चूक जी?" तो म्हणायचा. "तो शिकून राहिला होता. शिकणाऱ्यानं कोणाचं काहीच मोडलं नाही, त समजाचं का तो मन लावून शिकतच नाही."

या विचाराचा प्रसाद पुढे गावातल्या पुष्कळ कुंपणांना आणि एका तणशीच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, ढिगाला मिळायचा होता. पण ते तेव्हा कोणाला ठाऊक नव्हतं.

कवडू हाडाचा धुरकरी. बंडीच्या धुरेवर बसून बैल हाकायचे, हेच त्याचं काम आणि हाच त्याचा छंद. आमच्या भागात पावसाळाभर रस्ते नसतातच. बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, धान उभा असतो, धानात पाणी उभं असतं आणि माणसं धुऱ्यावरून, म्हणजे बांधांवरून, तोल सांभाळत एकामागे एक चालतात. दिवाळी झाली, धान निघाला, की मग रस्ते उगवतात. पहिली बंडी ओल्या मातीत दोन चऱ्या पाडते, दुसरी त्याच चऱ्यांतून जाते, आणि संक्रांतीपर्यंत त्या वाळून अशा टणक होतात की धुरकरी झोपला तरी बंडी घरी येते. कवडू तर झोपायचाच. त्याची बायको धुरपता म्हणायची, "आमच्या घरी बैल नवऱ्याले घेऊन येतेत."

सत्तावन्न सालच्या दिवाळीनंतर केशोरीच्या दवाखान्याला जीप मिळाली. लढाईत वापरून झालेली, लष्कराने विकून टाकलेली जुनी गाडी. तिला हिरवा रंग नव्याने दिला होता, पण पत्र्यावरचे पोचे तसेच राहिले होते. तिचं वळवायचं चक्र डावीकडे होतं, कारण ती अमेरिकेची. सोबत गोंदियाहून एक ड्रायव्हर आला. त्याने केशोरीहून पळसटोल्याला एकच फेरी मारली. वाटेत नाला, नाल्यात रेती, पलीकडे जंगल. परत आल्यावर तो खाली उतरला, कपडे झटकले आणि म्हणाला, "ये रस्ता है के मजाक?" दुसऱ्या सकाळी तो गेला. जीप राहिली.

दवाखान्याची नर्स निर्मलाबाई मूळची उमरेडची. चाळिशीची, ठेंगणी, पण आवाजाने चांगली उंच. दर बुधवारी तिने पळसटोल्याला जावं असं ठरलेलं होतं. ते व्हायचं मात्र बैलांच्या मर्जीने. नांगरणीत बैल नाही, रोवण्यात बैल नाही, लग्नसराईत बैल वरातीला. पळसटोल्याची बायजाबाई, तिथली जुनी सुईण, तिला एकदा म्हणाली होती, "बाई, तुमी याल तवा याल. लेकरं आपल्या येळेवर येतेत." हे बोलताना बायजाबाई हसली होती, निर्मलाबाईला काही हसता आलं नव्हतं.

म्हणून जीप आली तेव्हा गावात सगळ्यांत जास्त आनंद तिला झाला, आणि ड्रायव्हर गेला तेव्हा सगळ्यांत जास्त राग तिलाच आला. त्यात भंडाऱ्याच्या मोठ्या डॉक्टरांचा निरोप आला: नवा ड्रायव्हर मिळणार नाही. होळीनंतर मी स्वतः येतो. दवाखान्याच्या माणसाने जीप चालवून मला पळसटोल्याला नेऊन आणलं तर ती राहील. नाही तर जिथे चालते तिथे जाईल.

दवाखान्याची माणसं दोन. कंपाउंडर खेमराज एकदा चक्रामागे बसला आणि त्याने जीप व आपला निर्धार एकाच उकिरड्यात नेऊन घातले. उरली निर्मलाबाई.

"मी चालवते," ती म्हणाली.

"पण शिकवन कोण?" खेमराजने विचारलं.

शिकवणारा दाराशीच उभा होता. ड्रायव्हर होता तेवढे दिवस कवडू त्या जीपला बैल बघावा तसा चारही बाजूंनी बघत असे. त्याने ड्रायव्हरला विड्या पाजून पाजून सगळं विचारून घेतलं होतं, आणि मोकळ्या गायरानात चालवूनही बघितली होती. परवाना काढायलाही तो गेला होता. तिथल्या साहेबाने त्याच्या चेहऱ्याकडे एकवार बघून सांगितलं, "एका डोळ्याला परवाना नाही." कवडू परत आला आणि त्या दिवशी त्याने बैलांना जरा जास्तच ढेप-पेंड घातली. चालवायला बंदी होती. शिकवायला बंदी आहे असं कोणी म्हटलं नव्हतं.

पहिल्या दिवशी बाईंनी शाळेसमोरून जी गाडी सोडली, ती डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे करत खुशालच्या तणशीच्या ढिगात थांबली. ढीग अर्धा जीपवर आला. बाई तणसातून डोकं काढून म्हणाल्या, "कवडूभाऊ, मी सांगत होते ना, ती माझं ऐकत नाही."

"ऐकते जी," कवडू कानातली काडी काढत म्हणाला. "पण तुमी एका टायमाले तिले लय गोष्टी सांगता. पाय काही सांगते, हात काही सांगते, अन् तोंड तिसरंच सांगते."

खरी पंचाईत अशी होती की जीपचं चक्र डावीकडे. म्हणजे शिकवणारा उजवीकडे. आणि कवडूचा गेलेला डोळाही नेमका डावा. बाई काय करतात हे त्याला दिसायचंच नाही. तो समोर बघायचा आणि कानाने शिकवायचा. गिअर करकरला की म्हणायचा, "दात खाऊन राहिली. पुन्हा." इंजिन घुसमटलं की, "तिचा दम घुटून राहिला, खालच्यात घ्या." बाईंना हे फार सोयीचं वाटायचं. आपला घाबरलेला चेहरा बघायला कोणी नाही, याचा माणसाला मोठा आधार असतो.

धुरपता मात्र चिडली. "मले जलमात बंडीचा कासरा देला नाही, अन् बाईच्या हाती मोटार देऊन राहिले!"

"तुले कासरा कायले पायजे?" कवडू म्हणाला. "तू त मले तोंडानंच हाकतेस."

आठ-पंधरा दिवस गेले. पाय सुधारले, हात सुधारेनात. एका दुपारी कवडू चिंतेत जीप घेऊन एकटाच पळसटोल्याच्या वाटेला लागला. रस्ता सरकारी नव्हता, म्हणजे परवान्याचाही प्रश्न नव्हता, असं त्याचं म्हणणं. सोपी वाट कुठून काढता येईल ते त्याला बघायचं होतं. त्याने गाडी सगळ्यांत हळू गिअरात टाकली आणि तेल सोडायची हाताची कळ थोडी ओढून ठेवली, म्हणजे पाय दाबायला नको. जेवण झालेलं, ऊन उबदार, गाडी डुलते आहे. आणि मग त्याने तेच केलं, जे कोणताही इमानदार धुरकरी करतो. तो झोपला.

आता दुसऱ्या कुठल्या गाडीवर दुसरा कुठला माणूस असता तर पुढची गोष्ट सांगायला कोणी उरलं नसतं. पण जीपचं उजवं चाक बंडीच्या चरीत होतं. चर वळली तशी जीप वळली, चर चढली तशी जीप चढली. ती मोठ्या चिंचेखालून गेली, लाखोरीच्या हिरव्या बांध्यांना वळसा घालून गेली, आणि जिथे बंडीवाले बैलांना पाणी पाजायला थांबतात त्या बोडीत, चरीप्रमाणेच, शांतपणे उतरून बंद पडली. कवडू जागा झाला तेव्हा पाणी पायाशी होतं आणि एक म्हैस त्याच्याकडे, ही आपली जागा आहे, अशा नजरेने बघत होती.

त्याला शरम वाटायला हवी होती. तो उलट आनंदाने ओरडत, भिजत गावात आला. "बाई! हात नाही पायजे! तुमचे हात घरी ठेवा!"

बैल लावून जीप बोडीतून ओढून काढली आणि दुसऱ्या दिवसापासून नवी शाळा सुरू झाली. कवडू जीपचं एक चाक चरीत बसवून द्यायचा. जीप बंडीहून अरुंद, म्हणून दुसरं चाक मधल्या उंचवट्यावरून चालायचं आणि सगळी गाडी एका कुशीवर कलायची. बाई म्हणाल्या, "एकच चाक रस्त्यात आहे हो."

"एक बस झालं. नवराबायकोत एक जण शहाणा असला तरी संसार चालते."

"तुमच्या घरी कोण आहे शहाणं?"

"ते धुरपताले विचारा, म्हणजे तुमाले खरं समजन."

अशा रीतीने वळवण्याची चिंता चरीवर सोपवून बाई पायांचं शास्त्र शिकल्या. चढावर दम कसा धरायचा, उतारावर ब्रेक न चावता गिअरावर कसं उतरायचं. कवडूने त्यांना चारही चाकं एकदम ओढायला लावणारा दांडाही दाखवला. चढावर बंडी अडली की आपल्याकडे पुढे आणखी एक बैलजोडी लावतात. कवडूच्या मते तो दांडा म्हणजे तेच. "रेती दिसली का पुढची जोडी लावा, बाई! अडकल्यावर नाही, अडकाच्या आधी. अन् नाला आला का पयले खाली उतरा, पायी चालून पहा. पाय जिथं रुतते, तिथं चाक रुतनच."

होळी झाली, मोहफुलं टपटपू लागली, आणि बाई पळसटोल्यापर्यंत जाऊन येऊ लागल्या. चरीतून. कवडू शेजारी बसून विडी ओढायचा. कधी तरी चर सोडून चालवून बघायला हवं, हे दोघांनाही कळत होतं, आणि उद्या बघू, असं दोघेही म्हणत होते. सोप्या वाटेला हीच एक खोड असते.

मोठे डॉक्टर अर्जुनीच्या स्टेशनावर उतरणार होते. जीप अजून पळसटोल्याच्या चरीपुरतीच चालत होती, म्हणून त्यांना आणायला आदल्या दिवशी कवडू बंडी घेऊन गेला. बाईंनाही औषधांची पेटी आणायची होती, त्याही गेल्या. गाव मोकळं राहिलं. आणि मोकळ्या गावात यादोराव होते.

यादोराव आमचे जुने मालगुजार, म्हणजे गावाचा सारा गोळा करणारे जमीनदार. मालगुजारी जाऊन सहा-सात वर्षं झाली होती, पण खाकरण्यातला मालगुजार शाबूत होता. मनाने माणूस उमदा. निर्मलाबाईने त्यांच्या नातवाला तापातून उठवलं होतं, त्याची परतफेड कशी करावी हे त्यांना सुचत नव्हतं. त्या दिवशी सुचलं. त्यांनी दवंडी दिली: बाईची जीप राहिली पाहिजे, तर रस्ता चांगला पाहिजे, घरटी एक माणूस, एक फावडं, श्रमदान! तो काळच श्रमदानाचा होता. आणि केशोरीचा माणूस एरवी कितीही वाद घालो, दुसऱ्याच्या चांगल्यासाठी माती उचलायची म्हटली की मागे राहत नाही. हिरालाल आला, खुशाल आला, धुरपता बायका घेऊन आली. बांधीतली काळी, मऊ माती आणून त्यांनी त्या चऱ्या तळापासून भरल्या. उंचवटे छाटले. वर पाणी शिंपडलं. गावकुसापासून चिंचेच्याही पलीकडे रस्ता असा सपाट झाला की त्यावर रांगोळी काढता यावी. आणि बायकांनी ती काढलीसुद्धा. सुरुवातीला आंब्याच्या डहाळ्यांची कमान, कमानीशी ताशावाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांना घेऊन मंडळी आली. चहा झाला. डॉक्टर जीपमध्ये मागे बसले, बाई चक्रावर, कवडू शेजारी. जीप गावाबाहेर वळली आणि समोर तो रस्ता आला.

"बघा बाई!" यादोराव हात जोडून उभे होते. "आरसा करून ठेवला!"

कवडूच्या तोंडातली विडी पडली. "चर कुठं गेली?"

"भरली!" सगळं गाव एका सुरात म्हणालं.

बाईंनी चक्र घट्ट धरलं. इतके दिवस त्यांनी ते नुसतं देवाला हात लावावा तसं धरलं होतं. जीप कमानीतून गेली, मऊ मातीवर आली आणि पुढची चाकं आपापल्या विचाराने चालू लागली. डावीकडे रांगोळी गेली. उजवीकडे हिरालालने उडी मारून जीव वाचवला. ताशावाले वाजवत होते ते वाजवता वाजवता बांधीत उतरले.

"उजवीकडे! नाही, डावीकडे! धरा! सोडा!" कवडू ओरडत होता. पहिल्यांदाच तो अर्धा वळून एका डोळ्याने बाईंकडे बघत होता, आणि जे बघत होता त्याने आणखी ओरडत होता. जीप ओल्या मातीत बसली. चाकं फिरली. यादोरावांच्या पांढऱ्या धोतरावर केशोरीची माती नक्षी काढून गेली.

डॉक्टरांनी मागून शांतपणे विचारलं, "एवढीच लांब जाते का?"

गावाला आपण काय केलं ते हळूहळू समजत होतं. धुरपताने हातातलं फावडं मागे लपवलं.

बाई म्हणाल्या, "कवडूभाऊ, खाली उतरा."

"काऊन जी?"

"तुम्ही माझ्याकडे बघून राहिले. मला नाही चालवता येत."

कवडू उतरला. बाईंनी घाम पुसला, दांडा ओढून चारही चाकं जोडली आणि जीप मागे घेतली. ती हळू, कण्हत, कमानीतून उलटी बाहेर आली. मग त्यांनी रस्त्याकडे पाठ केली. उजवीकडे लाखोरी निघालेल्या बांध्या मोकळ्या पसरल्या होत्या, नुसती धसकटं आणि टणक भुई. चर नाही, वाट नाही, काहीच नाही. एका बांधीतून दुसरीत जायला धुऱ्यात बंडीपुरती फट सोडलेली असते, तेवढ्या फटी फक्त.

बाईंनी पहिल्या फटीकडे तोंड केलं आणि सोडली.

कुंपणाचा एक खांब मोडला. दुसऱ्या फटीत बाजूची माती थोडी ढासळली. तिसरीतून ती सरळ गेली. कवडू मागे धावत होता. चौथ्या धुऱ्यावर त्याचा दम संपला. तो खाली बसला आणि त्याने डोळा मिटून घेतला. मागून गाव धापा टाकत आलं.

"काय झालं? कुठं गेली?"

"गप. आयकू द्या."

आवाज झाडीत शिरला होता. मोहाच्या झाडांमागून तो येत होता, कमी होत होता. "खालच्यात घेतली," कवडू म्हणाला. "उतार लागला." थोड्या वेळाने आवाज एकदम थांबला.

"बंद पडली," हिरालाल म्हणाला.

यादोराव मातीत बसले. "माझ्यानं झालं रे हे."

धुरपताने विचारलं, "अजी, बोलत काऊन नाही?"

कवडूने तिला हातानेच थांबवलं. नाल्याच्या बाजूला कान करून तो तसाच बसून होता. बराच वेळ फक्त टिटवी ओरडत होती. मग दूरवर इंजिन पुन्हा धरलं. पण आता त्याचा आवाज वेगळा होता. जाड, सावकाश, ओझ्याचा बैल चढावर नाकातून श्वास सोडतो तसा.

"उतरली होती ती!" कवडू ताडकन उठला. "रेती पायानं चालून पाहून आली! अन् आता पुढची जोडी लावली! आयका! रेतीत शिरली... आयका लेकहो... चढली! चढली!" आणि त्याच्या चांगल्या डोळ्यातून पाणी आलं. गेलेल्यातून येतच नव्हतं, म्हणून सगळं एकाच बाजूने येत होतं.

जीप उन्हं उतरायच्या आत परत आली, पण नुसती दोघांची नाही. पुढे बाईंशेजारी बायजाबाई, मागे पळसटोल्याच्या चार बायका, एक पोटुशी, एक तापलेलं मूल, आणि त्या गर्दीत कोपऱ्यात दबलेले मोठे डॉक्टर. मूल त्यांच्याच मांडीवर होतं. मागच्या फळीला धरून पळसटोल्याचा फागू उभा होता, आणि ओरडून सांगत होता, "म्या एकदाच ढकललं! एकदाच! बाकी बाईनंच आणली!"

"सगळ्या म्हणाल्या, आजच येतो, बुधवारची वाट कोण पाहते," बाई म्हणाल्या. त्यांच्या कपाळावर धूळ होती. चक्रावरून हात मात्र निघत नव्हते.

डॉक्टर खाली उतरले. कंबर सरळ केली. मूल बायजाबाईच्या हाती दिलं. "जीप इथेच राहील," ते म्हणाले. गाव ओरडलं, ताशा पुन्हा वाजू लागला. डॉक्टरांनी हात वर केला. "आणि त्या रस्त्याचं..."

यादोराव पुढे आले. "श्रमदान केलं होतं साहेब."

"फार चांगलं केलं," डॉक्टर म्हणाले. "फिरून करू नका."

मग चहा झाला, आणि बायकांची तपासणी झाली, आणि निर्मलाबाई पायरीवर बसून, चक्र धरून आखडलेल्या बोटांत कप धरायचा प्रयत्न करत राहिल्या. बायजाबाईने तो कप आपल्या हातात धरून त्यांना पाजला. "आता बाई येळेवर येते," ती सगळ्यांना सांगत होती.

यादोराव जरा बाजूला, कवडूच्या जवळ आले. खाकरले. पण ते मालगुजारी खाकरणं नव्हतं. "कवडू, एक विचारतो. माझं वय झालं. पण नातू, सून सगळे हसतील असं नको. मला येईल का रे हे चालवायला?"

कवडूने त्यांच्याकडे आपल्या एका डोळ्याने वरपासून खालपर्यंत बघितलं. "येईन न मालक. काऊन नाही येणार? पण नवीन माणसाले पयले चर लागते. अन् आपली चर त तुमी बुजवली."

"मग?"

"मंग काढा पुन्हा."

तर त्या चैत्रात केशोरीच्या लोकांनी एक देखावा बघितला. रोज सकाळी, ऊन तापायच्या आधी, त्या आरशासारख्या रस्त्यावर पाणी शिंपडलं जायचं आणि त्यावरून रिकाम्या बंड्या चालायच्या, जायच्या, यायच्या, पुन्हा जायच्या. सगळ्यांत पुढच्या बंडीच्या धुरेवर, आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हाती कासरा घेऊन, यादोराव बसलेले असायचे. आणि बाजूने धुऱ्यावरून कवडू धावत असायचा.

"सरळ, मालक, सरळ! वाकडी पाडू नका! तुमालेच शिकाचं आहे याच्यावर!"